‘पाहिली तशी विकली’ : अपुऱ्या कामाची मोटारसायकल आणि विक्रेत्याचे मौन



ब्रिटनमध्ये जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करण्याचा छंद मोठा आहे. बर्मिंगहॅमचा बी.एस.ए. आणि मेरिडनचा ट्रायम्फ हे कारखाने बंद होऊन कित्येक दशके लोटली. गाड्या मात्र अजून लोकांच्या गॅरेजांतून निघतात. कोणी उत्साहाने अशी गाडी सुटी करतो, सुटे भाग जमवतो आणि काम थांबते. पैसा संपतो, प्रकृती साथ देत नाही, घरात मुले येतात. शेवटी फ्रेम, चाके आणि भागांनी भरलेली खोकी विकावयास निघतात. व्यवहार होतो तो बहुधा एका वाक्यावर : पाहिली तशी विकली, नंतर तक्रार नाही.

या एका वाक्याने विक्रेता अल्लाहसमोर मोकळा होतो काय?

एक उदाहरण घ्या. ट्रायम्फच्या 650 सी.सी. जोडसिलिंडर इंजिनात क्रँकशाफ्टच्या पोटात एक नळी असते. तेलातील गाळ फिरण्याच्या जोराने तिच्यात साठतो. इंजिन बांधताना ती काढून साफ करावी लागते; परंतु तिचे बूच वर्षानुवर्षे घट्ट बसलेले असते, कधी ते ड्रिलने फोडावे लागते. कंटाळून कोणी ती नळी तशीच ठेवली आणि वर नवे पिस्टन, नवी बेअरिंगे बसवून इंजिन बंद केले, तर पाहणाऱ्याला सर्व नवेच दिसेल. पुढे गाळाने वाट अडली की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाले तर मागचे चाक अडकू शकते. मग प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

पूर्ण गाडी ग्राहक सुरू करून, चालवून पाहू शकतो. अपुऱ्या गाडीच्या बाबतीत ती सोयच नाही. इंजिनाच्या आत काय झाले आणि काय राहिले हे ज्याने ते बंद केले त्यालाच ठाऊक. ग्राहकाजवळ तपासणीचे साधन एकच उरते, ते म्हणजे विक्रेत्याचा शब्द.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपणांस परिचित आहे. मालकाने सांगितले की पाऊस लागला होता. यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पाऊस हा त्या माणसाचा अपराध नव्हता, आणि तो खोटे बोलल्याचाही उल्लेख नाही. कोरडे धान्य वर होते, एवढेच. गाळावर बसवलेले नवे पिस्टन याहून वेगळे काय आहेत?

‘दोषांची जबाबदारी माझी नाही’ या शर्तीची चर्चाही आपल्या परंपरेत जुनी आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’त नोंद आहे की हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी त्या काळच्या प्रथेनुसार एक गुलाम अशा शर्तीवर 800 दिरहमांना विकला. ग्राहकाने रोगाची तक्रार आणली. हजरत उस्मान (रजि.) यांनी केवळ शर्तीवर निकाल दिला नाही, विकताना रोग ठाऊक नव्हता, अशी शपथ घ्यावयास सांगितले. इब्ने उमर (रजि.) यांनी शपथ घेण्यापेक्षा गुलाम परत घेणे पसंत केले. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मताचे आहेत, त्यानुसार माहीत असलेला दोष अशा शर्तीने सुटत नाही. हनफी मतानुसार शर्त न्यायालयात टिकते. तथापि जाणून दोष लपविण्याचे पाप तिने धुतले जात नाही.

याचा अर्थ विक्रेत्याने स्वतःच्या मालाची निंदा करावी असा नव्हे. मागेल ती किंमत त्याने मागावी. ‘हे खोके मी उघडलेले नाही’ असे म्हणणेही प्रामाणिकपणाच आहे. जे ठाऊक नाही ते सांगण्याचे ओझे त्याच्यावर नाही. मला सर्वांत संशयास्पद वाटते ते ‘थोडेच काम राहिले आहे’ हे वाक्य. थोडेच राहिले असते तर बहुधा ते झालेच असते. काम कोठे अडले आणि का अडले, हे सांगितल्यावाचून अपुऱ्या गाडीचे वर्णन पूर्ण होत नाही.

आता ग्राहकाकडे वळू, कारण उपदेश नेहमी विक्रेत्यालाच केला जातो. एखादी विधवा पतीच्या मागे उरलेली खोकी भंगाराच्या भावाने देऊ करते. ग्राहकाला इंजिनावर कोरलेला टी-120 हा आकडा दिसतो. 1959 साली बाजारात आलेल्या बॉनव्हिल गाडीची ती खूण. तोच क्रमांक फ्रेमवरही असेल तर शौकीन पुष्कळ अधिक मोल देतात. त्या बाईंना हे ठाऊक नाही. अनेकजण येथे गप्प राहण्याला चातुर्य म्हणतील.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी 300 दिरहमांत घोडा ठरला होता. घोडा पाहून ते स्वतः मालकाकडे गेले, हा याहून अधिक किमतीचा आहे असे सांगत राहिले आणि अखेर 800 दिरहम दिले. कारण विचारले तेव्हा म्हणाले की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आपण प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे. आणि ती विधवा मुस्लिम नसेल, तर तिच्याबाबत काय? कुरआनात हजरत शुऐब (अ.) आपल्या कौमला बजावतात की लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका. तेथे शब्द ‘लोक’ असा आहे.