उपवासाला काय चालते?

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री घरोघरी साबुदाणा भिजत पडतो. सकाळी दाण्याचा कूट होतो, बटाटे उकडतात, तुपात जिरे-मिरची तडतडते. कुणी भगर आणि दाण्याची आमटी करते, कुणी रताळ्याचा कीस. दिवसभर एकच विचारणा कानावर येत राहते : हे उपवासाला चालते का? कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही. टोमॅटो उत्तरेकडे अनेक ठिकाणी चालतो, आपल्याकडे नाही. किती खाल्लेले चालते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

खरे तर विचारायला हवे ते तेच. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या स्टार्चच्या. प्रथिने एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. पाऊण वाटीभर साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट, अर्धा बटाटा आणि चमचाभर तूप एवढ्यावरच एक ताटली साडेपाचशे कॅलरींच्या घरात जाते. पुन्हा घेतली, संध्याकाळी वडे झाले, मध्ये बटाट्याचा चिवडा झाला, की रोजच्या पोळी-भाजी-वरणाच्या दिवसापेक्षा उपवासाचाच दिवस जड होतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच लोकांसाठी केलेली आहे.

या ‘चालणाऱ्या’ पदार्थांची गोत्रे पाहिली तर आश्चर्य वाटते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच, मिरची, रताळे आणि राजगिराही अमेरिकेच्याच भूमीतले. पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी यांपैकी काहीच इथल्या ताटात असण्याचा संभव नव्हता. तमिळनाडूतल्या सेलममध्ये टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला तो तर गेल्या शतकाच्या चाळिशीत. ज्ञानदेवांच्या किंवा तुकोबांच्या काळातली एकादशी साबुदाण्याच्या खिचडीची नव्हती, हे निश्चित. म्हणजे यादी बदलत आली आहे आणि ती बदलल्याने धर्म बुडालेला नाही. मग उपवासाचा गाभा यादीत नसेल, तर तो कशात आहे?

शब्द सांगतो : उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. पण भुकेने देवाजवळ जाता येते का, की नुसते भुकेजवळच राहायला होते? हा प्रश्न या भूमीने फार पूर्वी आणि फार गांभीर्याने विचारला. सिद्धार्थ गौतमाने तो स्वतःच्या देहावर विचारला. पोट पाठीला लागेपर्यंत उपाशी राहून पाहिले, त्यातून बोध होत नाही हे ओळखले आणि पुन्हा अन्न घेतले. त्याच बुद्धाकडे पुढे उलट्या टोकाचा माणूस आला.

संयुत्त निकाय या पाली ग्रंथातली ती कथा कोसलचा राजा पसेनदी याची आहे. राजा द्रोणभर, म्हणजे त्या काळच्या एका मोठ्या मापाने, तांदळाचा भात जेवायचा. एकदा तसाच जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीला बुद्धासमोर येऊन बसला. बुद्धाने त्याला पाप सांगितले नाही, नरकाची भीती घातली नाही. जेवताना जागा राहून मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे हलके होते, म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्याचे शंभर कार्षापण नाणी ठरवून दिली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर, म्हणजे त्याहून बऱ्याच लहान मापाच्या, भातावर आला. शरीर हलके झाल्यावर त्याने आपल्या अंगावरून हात फिरवला आणि भगवंतांनी इहलोकीचे आणि परलोकीचे, दोन्हीकडचे हित केले, असे कृतज्ञतेने उद्गार काढले.

या कथेत एकही पदार्थ वर्ज्य झालेला नाही. भात तोच, राजा तोच. बदलले ते प्रमाण, आणि तेही एका रात्रीत नव्हे. रोजच्या जेवणाला कुणीतरी आठवण करून देत होते म्हणून. जेवणाच्या पानावर बसून केलेली ही साधनाच होती.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असेच येते. जैन परंपरेत बाह्य तपांच्या यादीत अनशनाच्या लगेच पुढे ऊनोदरी आहे, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. चरकाने सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही एकाच अध्यायात बसवले आणि दोघांकडेही वैद्याच्या नजरेने पाहिले.

ती वैद्याची नजर आज हरवत चालली आहे. जाड माणूस दिसला की ‘तोंडावर ताबा नाही’ असे सहज म्हटले जाते, बारीक माणूस संयमी ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघेही शेजारी उभे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन सारखेच, आणि आत दुपटीहून अधिक फरक. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही याज्ञिकांना हेच आढळले होते : बाळे लहान, स्नायू कमी, पण चरबी टिकून. गर्भातच ज्याची घडण झाली, त्याचे माप चारित्र्यावर कसे लावायचे?

म्हणून काही करण्यासारखे नाही, असे मुळीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने भारतात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. पण पाच किलो वजन उतरले तर गुडघ्यावरचा भार पावलागणिक वीस किलोंनी कमी होतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणे सुधारले; त्यांचे वजन फारसे हललेही नाही, तरी मधुमेह होण्याचा धोका चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. काट्यावर न दिसणारा हा लाभ आहे आणि मात्रेचा विचार करणाऱ्या परंपरेला तो अनोळखी वाटू नये.

आता त्याच स्वयंपाकघरातल्या बाईकडे पाहायला हवे. घरातली एकादशी, चतुर्थी, सोमवार, हरतालिका बहुधा तीच धरते आणि इतर दिवशीही सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याग करायला आधी काही असावे लागते. ज्या देहाला पुरेसे मिळालेलेच नाही, त्याच्याकडून आणखी काढून घेणे याला तप म्हणता येणार नाही. साबुदाण्यात लोह नगण्य असते. तिच्या उपवासाने तिला पोटभर खाऊनही उपाशी ठेवलेले असते.

आणि शास्त्र तिच्यावर इतके कठोर नव्हतेच. व्रतांवरचे जुने निबंधग्रंथ आठ वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशी ओलांडलेल्यांना एकादशीतून सोडतात. गर्भिणीला आणि बाळंतिणीला पूर्ण उपवासाऐवजी रात्री जेवण्याची मुभा देतात. स्वतःला जमत नसेल तर व्रत दुसऱ्याकडून करवून घेता येते, त्यात पतीही आला. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टीही सांगितल्या आहेत : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्याने भोवळ येणारे, किंवा उपवास म्हणून ती गोळीच चुकवणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. त्यांना त्या यादीतला शेवटचा शब्द कुणीतरी वाचून दाखवायला हवा, आणि एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि खाण्याची वेळ जुळवून द्यायला हवी.