क्यूटी, केडीई आणि साधनशुचिता

साध्य चांगले असले तरी साधनही शुद्ध हवे का, हा वाद मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत एका जीयूआय टूलकिटवरून पेटला. टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणे, मेनू अशा तयार घटकांचा संच. तो एकदा निवडला की सहजी बदलता येत नाही, कारण सगळा प्रोग्राम त्याच्याच वळणाने लिहिला जातो आणि त्याच्या परवान्याच्या अटीही प्रोग्रामला चिकटतात.

१९९६ मध्ये जर्मनीतील माथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई हा मुक्त डेस्कटॉप सुरू केला, तो नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटीवर. क्यूटी सी++ मधले आणि घोटीव होते. बटण दाबल्यावर कोणते फंक्शन चालवायचे हे त्यात ‘सिग्नल’ आणि ‘स्लॉट’ जोडून एका ओळीत सांगता येई. बटणाला त्या फंक्शनची ओळखही लागत नसे. मुक्त प्रोग्रामसाठी ते फुकट होते, सोर्स कोडही वाचता येई. मात्र त्यात बदल करून ती प्रत इतरांना देण्यास मनाई होती. आक्षेप नेमका इथे होता: घर आपले, पण जमीन दुसऱ्याची.

१९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी केडीईला पर्याय म्हणून ग्नोम हा मुक्त डेस्कटॉप सुरू केला आणि गिम्प या चित्रप्रणालीसाठी लिहिलेले जीटीके हे टूलकिट निवडले. ते सी भाषेत असल्याने साध्या कामालाही बराच कोड लिहावा लागे. तत्त्वासाठी हा त्रास पत्करला गेला. गंमत अशी, की जीटीकेचा एलजीपीएल परवाना बंदिस्त सॉफ्टवेअरलाही ते वापरू देतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचेच साधन व्यापाऱ्यांना अधिक सोयीचे ठरले.

सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले, पण त्याआधी इतरांचा जीपीएल कोड अटींविरुद्ध क्यूटीशी जोडला गेला होता, त्या झाल्या दोषाचे काय? जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार अट मोडणाऱ्याचे हक्क आपोआप संपतात. म्हणून केडीईत ज्यांचा जीपीएल कोड घेतला होता त्यांची क्षमा मागावी, असे या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले आणि आपल्या संस्थेच्या कोडपुरती ती लगेच देऊनही टाकली. दोष नकळत झाला असला तरी प्रायश्चित्त हवेच, ही भूमिका धर्मशास्त्राला जवळची आहे. केडीईवाल्यांना ती जाचक वाटली, यात नवल नाही.

क्यूटी जीपीएलखाली येण्याचे श्रेय एकट्या शुद्धतावाद्यांना देता येत नाही. त्यांचा दबाव होता. पण परवान्यावर एवढे भांडावे इतके वजन क्यूटीला आले, ते केडीईने ते वापरल्यामुळेच. नोकियाच्या मालकीत २००९ मध्ये क्यूटीला एलजीपीएलचाही पर्याय मिळाला. तरीही क्यूटी चार्ट्ससारखी काही मॉड्यूल फक्त जीपीएल किंवा विकतच्या परवान्यानेच मिळतात, त्यामुळे बंदिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक मॉड्यूलचा परवाना वेगळा तपासावा लागतो.