आजचे चिंतन : याज्ञवल्क्यांनी आधी वाटणी केली

आजचे चिंतन बृहदारण्यक उपनिषदातल्या याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादावर. हा संवाद दुसऱ्या अध्यायात येतो आणि चौथ्यात पुन्हा येतो. ऋषी घर सोडून निघालेत, घरात दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. सगळी पृथ्वी धनासकट मिळाली तरी त्याने मी अमर होणार का, असे मैत्रेयी विचारते. आपले प्रवचनकार इथूनच सुरुवात करतात आणि ते बरोबरही आहे, पुढचा सगळा आत्मविचार त्या प्रश्नातूनच निघतो.

पण मला आज त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचे आहे. मैत्रेयीला हा प्रश्न सुचला कशावरून? याज्ञवल्क्यांनी तिला बोलावून सांगितले, मी आता निघतोय, तत्पूर्वी तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून टाकतो. म्हणजे ब्रह्मज्ञानाची एवढी मोठी चर्चा सुरू झाली ती इस्टेटीच्या बोलण्यावरून! कात्यायनी प्रपंचातली होती, हे उपनिषदच सांगते. तिच्यावर कोणी प्रवचन करत नाही. पण नवरा गेल्यावर घर तिलाच चालवायचे होते, आणि एवढा मोठा ज्ञानी पुरुष तिला अधांतरी टाकून गेला नाही.

हे आज सुचायला कारण झाले. आमच्या सोसायटीच्या मंदिरात रविवारी हरिपाठ झाल्यावर आम्ही चारपाच जण बसतो. त्यात एक काका आहेत, मूळचे हिंजवडी गावठाणातले, म्हातोबाच्या बगाडाची जत्रा आयुष्यात न चुकवलेले. थोडी जमीन एमआयडीसीत गेली, थोडी राहिली, दोन मुलगे, एक मुलगी. मृत्युपत्राचा विषय निघाला तसे काका म्हणाले, "तिन्हीसांजेला कशाला ते अभद्र? आपलं मरण आपणच कागदावर लिहायचं का?" दुसरे म्हणाले, "आणि आपण वारकरी माणसं. सगळं पांडुरंगाचं. आपण कोण वाटणारे?"

ऐकायला फार छान वाटते. मलाही पूर्वी वाटायचे.

चार वर्षांपूर्वी आमच्याच विंगमधला एक इंजिनिअर मुलगा गेला. वय अडतीस. मागे बायको, तीन वर्षांची मुलगी आणि आईवडील. नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेले नव्हते, म्हणून ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी वडील. पुढे ते बदलायचे राहून गेले. ठेवीचे पैसे बँकेने वडिलांना दिले. बँकेचे चुकले नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. वडिलांना वाटले, मुलाने माझे नाव लिहिलेय म्हणजे त्याची तशी इच्छा होती. सुनेला वाटले, माझ्या लेकराचे पैसे अडकवले. दोघेही वाईट नव्हते हो. आणि गंमत बघा, हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर अशा मुलाचे वारस म्हणजे आई, बायको आणि मुलगी, तिघींना सारखा हिस्सा. वडील त्यात नाहीतच! ते पुढच्या वर्गात येतात. हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आज नातीचा वाढदिवस दोन ठिकाणी होतो.

नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, ते ज्याचे त्याला पोचते करणारा. मालक नव्हे. याचे उदाहरण तर आपल्या भिंतीवर टांगलेले आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर 20 ऑगस्ट 2013 रोजी गेले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलेले होते. पण म्युच्युअल फंडाच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावे होती, आणि ते पैसे नॉमिनींचे की सगळ्या वारसांचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल आला, नॉमिनी मालक होत नाही. मधे दहा वर्षे गेली. साऱ्या महाराष्ट्राला तिथी आणि मुहूर्त सांगणाऱ्या घरावर ही वेळ आली, तर तुमची-आमची काय कथा? फ्लॅटचेही तसेच. सोसायटीत नॉमिनीला सभासदत्व मिळते ते तात्पुरते, खरा वारस ठरेपर्यंत. आयुर्विम्यात 2015 नंतर नवरा-बायको, मुले, आईवडील नॉमिनी असतील तर नियम थोडा वेगळा आहे, तो पॉलिसी बघून विचारून घ्या. पण सगळीकडे नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव असले, तर निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

मृत्युपत्राची लोकांना उगाच भीती वाटते. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिले तरी चालते. स्टॅम्पपेपर लागत नाही. सही आपली, आणि ती करताना पाहणारे किमान दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. इथेच लोक चुकतात. एक तर साक्षीदार आपल्याहून म्हातारे घेतात, किंवा ज्याला घर मिळणार त्याच मुलाची सही घेतात आणि पुढे शंकेला जागा ठेवतात. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. मन बदलले तर नवे लिहा, शेवटचे खरे धरतात, पण त्यात तारीख हवी आणि जुने रद्द केल्याचे वाक्य हवे. आणि कृपा करून ते फक्त स्वतःच्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे तो लॉकर उघडायचा कोणी?

आता जमिनीचे. इथे आपल्या हिंजवडी, माण, मारुंजीत खरी दुखरी जागा आहे. वडिलोपार्जित जमिनीत बापाला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, सगळा सातबारा नाही. मुलीचा हक्क जन्मानेच आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलींना तो दिला, देशात 9 सप्टेंबर 2005 पासून आला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी बाप त्या दिवशी हयात असण्याचीही अट नाही. तरी आपल्याकडे काय चालते? रक्षाबंधन किंवा दिवाळीला बहिणीला बोलवायचे, साडी नेसवायची आणि परतताना गाडी निबंधक कार्यालयाकडे वळवायची. "ताई, हक्कसोडवर सही कर, नाहीतर येणंजाणं बंद." तिने समजून-उमजून, आनंदाने सोडले तर तो तिचा मोठेपणा. माहेर तुटेल या भीतीने सोडले तर त्याला मी हक्कसोड म्हणणार नाही. गळ्यात माळ असलेल्या घरांतही हे होते, म्हणून लिहितोय. राग मानू नका.

बक्षीसपत्राचे थोडक्यात. राहते घर किंवा शेती मुलगा, मुलगी, नातवंडे, जोडीदार यांना द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून लोक धावतात. पण मृत्युपत्र आपल्यामागे चालू होते, बक्षीसपत्र सही केल्या दिवसापासून. घर गेले ते गेले. आईबापांचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत असाल तर ती अट दस्तात स्पष्ट लिहा, तरच 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातून दाद मागता येते.

आता त्या दुसऱ्या काकांचा प्रश्न, सगळे पांडुरंगाचे, मग आपण कोण वाटणारे. देहू इथून काही फार लांब नाही. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे पोरालाही ठाऊक असते. पण परंपरेने सांगतात त्यातला पुढचा भाग आपण विसरतो. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे निम्मे कागद महाराजांनी बाजूला काढून त्यांच्या हाती दिले. बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे. वैराग्य स्वतःच्या हिश्श्याचे करायचे असते, भावाच्या हिश्श्याचे नाही. महाराजांनी आधी मोजले, वेगळे केले, मग सोडले. आपण मोजतही नाही, वेगळेही करत नाही आणि म्हणतो सगळे देवाचे. मग देवाचे ते शेवटी कोर्टाचे होते.

रविवारी मी एवढेच बोललो. काका काही न बोलता उठून गेले, मला वाटले दुखावले. काल रात्री साडेनऊला त्यांचा फोन. "तू माझ्याहून लहानच आहेस ना रे? साक्षीदार म्हणून येशील का?" मी म्हटले, येतो काका, पण आधी ताईला बोलावून घ्या. तिलाही कळू दे काय लिहिताय ते. थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "तिला मीच फोन करतो. तिच्या आईला नको करायला लावू."

ताई शनिवारी येतेय. दुसरा साक्षीदार अजून ठरायचा आहे.

॥ राम कृष्ण हरी ॥