छायाचित्राची साक्ष

एखाद्या घराचा पूर्वजाभिमान एका निरुपद्रवी चुकीवर उभा असेल, तर ती चूक दाखवून देणे हे कर्तव्य की आगाऊपणा? प्रश्न वरकरणी लहान दिसतो. परंतु हातकणंगले येथे एका वृद्ध स्नेह्यांच्या घरी तो आम्हांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर देणे आम्हांस सोपे गेले नाही.

त्यांच्या सोप्यात एक जुने छायाचित्र टांगलेले आहे. दोन मल्ल भिडले आहेत, भोवती फेटेवाल्यांची दाटी आहे, कडेला एकाच्या हाती हलगी आहे. मल्लांपैकी एक आमच्या स्नेह्यांचे आजोबा. ही कुस्ती कोल्हापुरास खासबागेत, शाहू महाराजांसमोर झाली, असे त्या घरात तीन पिढ्या सांगत आले आहेत. गावच्या स्मरणिकेत हे चित्र छापावयाचे ठरले आणि त्याखालील ओळ लिहिण्याचे काम आम्हांकडे आले.

खासबागेचे मैदान १९१२ साली तयार झाले व महाराज १९२२ साली निवर्तले. तेव्हा कुस्ती ह्या दहा वर्षांतील असावयास हवी. काळाची अडचण नव्हती. अडचण निघाली ती स्थळाची. खासबागेत कुस्तीची जागा सखल, आणि प्रेक्षकांची बैठक तिच्याभोवती चढत गेलेली. तेथे मल्लांच्या मागे माणसांवर माणसे रचल्यासारखी दिसतात. ह्या चित्रात लोक सपाट जमिनीवर आहेत. त्यांच्या फेट्यांवर लगेच आभाळ, एक बाभूळ आणि दूरवर डोंगराची लांबट रेघ. ती आळत्याजवळील रामलिंगच्या डोंगराची असावी असे आम्हांस वाटले. पण डोंगरांच्या रेघा पुष्कळदा सारख्या दिसतात. शिवाय जुनी काच उलटी ठेवून छापली गेली असेल, तर डाव्याचे उजवे होते. तात्पर्य, खासबाग नव्हे हे निश्चित. हातकणंगले हे केवळ संभवनीय.

‘खासबाग’ असे लिहिले असते, तर कोणाचे काय बिघडले असते? एका वृद्धास समाधान लाभले असते, एवढेच, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप दयाबुद्धीचा आहे, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. पहिली गोष्ट ही की, छायाचित्र हा साक्षीदार आहे, आणि त्यास पढविणे हा साक्षीचाच नाश होय. खासबागेस लागूनच महाराजांनी १९१५ साली उभारलेले नाट्यगृह, ज्यास पुढे केशवराव भोसले ह्यांचे नाव मिळाले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले. वास्तू गेली की ती कशी होती हे विचारावयास आपण जुन्या चित्रांकडेच धावतो. त्या वेळी प्रेमापोटी लिहिलेली खोटी ओळही खोटीच साक्ष देते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रात आजोबा एकटे नाहीत. त्यांच्याशी झुंजणारा मल्ल आहे, हलगीवाला आहे, पुढे सरकून बसलेली पोरे आहेत. नामांकित मैदानाच्या मोहाने आपण चित्राचे स्थळ बदलतो, तेव्हा एका माणसाचा मान वाढविण्यासाठी ह्या साऱ्यांस त्यांच्या गावातून उठवितो. त्यांची नावे तर गेलीच आहेत. निदान त्यांच्या पायांखालची माती तरी त्यांची त्यांस राहू द्यावी.

आणि सत्याने येथे जितके हिरावले असे वाटते, तितके ते हिरावीतही नाही. चित्र खासबागेतील नाही, एवढ्यावरून आजोबा तेथे कधी लढलेच नाहीत असे ठरत नाही. घरची आठवण खरी असू शकेल. फक्त तिचा पुरावा हे चित्र नव्हे. उलट, चित्राची बतावणी उघडी पडती, तर लोकांनी त्या आठवणीवरही विश्वास ठेवला नसता.

हे सारे आम्ही भीतभीतच स्नेह्यांस सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून त्यांनी तसबीर खुंटीवरून काढली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि उजेडात धरली.

“म्हणजे सर, ही सगळी आपल्याच गावची माणसं म्हणायची?”

“बहुधा,” आम्ही म्हणालो.

त्यांनी चष्मा चढविला. इतकी वर्षे त्या चित्रात त्यांनी एकच चेहरा पाहिला होता. आता ते एकेका फेट्याखाली बोट ठेवून ओळख पटते का पाहू लागले. स्मरणिकेत चित्राखाली छापले आहे : ‘गावची कुस्ती. स्थळ, बहुधा हातकणंगले.’ त्यातील ‘बहुधा’ हा शब्द गाळू नये, असा आग्रह त्यांनीच धरला.