आप्त कोण?

वार्ता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, तर ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जाणली तशीच दुसऱ्यास सांगावी एवढीच ज्याची इच्छा, तो. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांसही सारखेच लागू आहे. तेव्हा आज आम्ही एका अमेरिकन गृहस्थाचे उदाहरण घेतो, याचे वाचकांनी नवल मानू नये.

वॉल्टर क्राँकाइट हे १९६२ पासून १९८१ पर्यंत सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेवर रोज सायंकाळी बातम्या सांगत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास येथे अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मृत्यूच्या ऐकीव वार्ता येऊ लागल्या, तेव्हा हे गृहस्थ त्यांस अधिकृत दुजोरा नाही असे बजावीत राहिले. दुजोरा आला तेव्हाच त्यांनी चष्मा काढून मृत्यूची वेळ सांगितली आणि त्यांचा कंठ दाटला. पुढे १९६८ च्या फेब्रुवारीत व्हिएतनाम पाहून आल्यावर, हे युद्ध कोंडीत सापडले आहे असे ते बोलले. पण बोलताना हे आपले वैयक्तिक मत आहे हेही त्यांनी सांगून टाकले. आता बघा, न कळलेले कळले म्हणून सांगितले नाही, आणि मत हे बातमीच्या पदराआड लपविले नाही. आप्तपण ते हेच.

यावर कोणी म्हणेल, तो काळ सोन्याचा होता, आता सारे बिघडले. आम्हास हे पुरते मान्य नाही. तेव्हा तिथे मोठ्या संस्था तीनच. तिघांनी जे गाळले ते बहुतेकांच्या कानी पडतच नसे. ताडून पाहण्याची सोय थोडी, म्हणून विश्वासही काही अंशी सक्तीचाच होता.

मग बदलले काय? १९८० मध्ये सीएनएन सुरू झाली आणि बातमी चोवीस तासांची झाली. दोन्ही बाजू मांडाव्यात असा १९४९ पासूनचा सरकारी दंडक १९८७ मध्ये उठला. तो तारेवरच्या वाहिन्यांना मुळात नव्हताच, म्हणून सारा दोष त्याच्या जाण्यावर घालता येत नाही. वाहिन्या वाढल्या तसा प्रेक्षक विभागला गेला. जाहिरातीचा पैसा प्रेक्षकाच्या मागे जातो. मग प्रेक्षक रुसू नये म्हणून त्याला आवडेल तेच सांगण्याचा मोह पडतो.

या मोहाचे टोक २०२३ मध्ये दिसले. २०२० च्या निवडणुकीतील मतयंत्रांविषयीचे खोटे आरोप प्रसृत केल्याच्या दाव्यात फॉक्स न्यूजने डोमिनियन कंपनीस सुमारे ७८ कोटी ७५ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. तेथील काही निवेदकांचा त्या आरोपांवर खाजगीत विश्वास नव्हता, हे न्यायालयातील कागदपत्रांवरून उघड झाले. जाणणे एक आणि सांगणे दुसरे! इथे आप्तलक्षणाचा उत्तरार्धच गळाला.

पण श्रोतेहो, सगळे पाप वक्त्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. प्रेक्षक दुसरीकडे निघून जाईल या भयाने वक्ता खोटे बोलतो, तेव्हा त्या भयात आपलाही वाटा असतो. आपल्या मनाजोगते बोलतो म्हणून तो खरा, असे आपण ठरवू लागलो की आप्ताचे लक्षण सुटले आणि केवळ आपली रुची उरली.

म्हणून वार्ता ऐकताना तीन गोष्टी पाहाव्यात. यास हे कशावरून कळले? मत सांगताना हा मत म्हणून सांगतो काय? आणि चूक निघाली तर तितक्याच मोठ्याने कबूल करतो काय? जो आपल्यास न रुचणारे सांगूनही या तिन्ही कसोट्यांस उतरतो, त्याचे ऐकणे सोडू नये. असा मनुष्य ऐकणारे असतील तरच टिकतो.