धोका दगडात नव्हताच

डिसेंबर २००४मध्ये काही दिवस एक आकडा सारखा वाढत होता. सुमारे ३४० मीटर आकाराचा एक लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत २.७ टक्क्यांवर पोचली. म्हणजे साधारण सदतीसात एक. या लघुग्रहाला पुढे अपोफिस हे नाव मिळालं. मग त्याच वर्षी मार्चमध्ये टिपलेल्या जुन्या प्रतिमांमध्ये तो सापडला, कक्षेचं गणित सुधारलं आणि २०२९ची टक्कर बाद झाली.

मला पडलेला प्रश्न असा: ते २.७ टक्के नेमके होते कुठे?

दगडात तर नव्हते. तो नाणेफेक करून वाट ठरवत नव्हता, गुरुत्वाकर्षण नेईल तिकडे चालला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे. आमच्या डॅशबोर्डवर आकडा लाल झाला, की मशीनमध्ये काहीतरी बिघडलेलं असतं. इथे लाल झालेला आकडा बघणाऱ्याबद्दल होता. २.७ टक्के हे आपल्या अज्ञानाचं माप होतं.

मार्च २०२१मध्ये हे आणखी स्पष्ट झालं. अपोफिस तेव्हा पृथ्वीपासून सुमारे १ कोटी ७० लाख किलोमीटरवरून गेला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर अँटेनाने त्याच्यावर रेडिओलहरी सोडल्या, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने परतलेला क्षीण प्रतिध्वनी पकडला. जाऊन-येऊन जेमतेम दोन मिनिटांचा प्रवास. त्या वेळेवरून अंतर कळलं, तेही सुमारे दीडशे मीटरच्या अचूकतेने. २०६८मध्ये टक्कर होण्याची बारीकशी शक्यता तोवर शिल्लक होती. नासाने जाहीर केलं, की आता किमान शंभर वर्षं धोका नाही. आकाशात काहीच बदललं नव्हतं. बदललो होतो आपण.

जे कळूच शकत नाही, त्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येत नाही. पण ज्या दिवशी एखादी गोष्ट कळून घेण्याचं साधन हाती येतं, त्या दिवसापासून न पाहणं हाही एक निर्णय होतो. आणि निर्णय म्हटला, की जबाबदारी आली.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण त्याच आठवड्यातलं आहे. २६ डिसेंबर २००४ला सुमात्राजवळ भूकंप झाला. हवाईतल्या केंद्रात त्याची नोंद झाली होती. प्रशांत महासागरासाठी त्सुनामीच्या इशाऱ्याची यंत्रणा कित्येक दशकं चालू होती. हिंदी महासागरासाठी नव्हती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, तरी किनाऱ्यावरच्या माणसाला काही कळलं नाही. सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून अधिक लोक गेले. आपली इशारा यंत्रणा हैदराबादला २००७मध्ये सुरू झाली. पंचवीस वर्षांनंतरच्या टकरीचं गणित रोज मांडलं जात होतं, आणि दोन तासांवरची लाट सांगायला कुणी नव्हतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पैसा मोजका आहे. शंभर वर्षांत न पडणाऱ्या दगडासाठी अँटेना चालवायचा, की दवाखान्यात औषधं पुरवायची? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. सगळीकडे नजर ठेवणं कुणालाच परवडत नाही. पण मग कुठे बघायचं नाही, हे कुणीतरी ठरवतंच. ते ठरवणारा आणि त्याची किंमत मोजणारा सहसा एकच माणूस नसतो. २००४मध्ये किंमत कोळ्यांनी मोजली.

शिवाय पाहण्याचं फळ बहुतेक वेळा ‘काही नाही’ एवढंच असतं. पोर्टो रिकोतल्या आरेसिबोच्या प्रचंड रडारने २००५मध्ये अपोफिसची कक्षा नेमकी करायला मदत केली होती. २०२०मध्ये त्याच्या केबल तुटल्या आणि १ डिसेंबरला तो सगळा डोलारा खाली कोसळला. तीन महिन्यांनी अपोफिस आला, तेव्हा गोल्डस्टोन होता म्हणून निभावलं. ‘काही नाही’ हे उत्तर फुकट मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं केबल तपासत राहावं लागतं.

१३ एप्रिल २०२९ला अपोफिस जमिनीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्हीचे उपग्रह याहून उंच फिरतात. युरोप-आफ्रिकेत तो नुसत्या डोळ्यांनीही दिसेल आणि लोक गच्चीवर जाऊन निर्धास्तपणे बघतील. तो निर्धास्तपणा नशिबाने मिळालेला नाही. कुणीतरी आधी पाहून ठेवलं, म्हणून तो मिळाला.