कोरी पाटी

मुलाखतीला तयारी न करता जावं, असं एकेकाळी माझं तत्त्वच होतं. आळसाला तत्त्व म्हणायची सोय भाषेत आहेच. तिचा मी फायदा घेतला, एवढंच. पण माझं म्हणणंही ऐकून घ्या. मुलगी पाहायला जाताना उसना कोट घालणं जसं लबाडीचं, तसंच आदल्या रात्री पाठ केलेलं ज्ञान मुलाखतीत आपलं म्हणून मिरवणं. जसे आहोत तसे जावं. घेतलं तर घेतलं.

हे तत्त्व दुसरीकडे कुठं खपलंही असतं. पण मी राहायला लातूरला! 'लातूर पॅटर्न'चं हे गाव. इथं प्रश्नपत्रिका इतक्या वेळा सोडवून घेतात, की परीक्षेत प्रश्न दिसला की पोरांना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटतं. अशा गावातून मी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीसाठी, कोऱ्या पाटीनं, नांदेडच्या एस.टी.त बसलो.

शेजारी एक पोरगा, त्याच मुलाखतीला निघालेला. मांडीवर वही. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, त्याची मान वर होईना. शेवटी मीच विचारलं, "काय वाचायलास एवढं?"

"बायनरी सर्च. हे इचारतेतच बघा, दादा," तो म्हणाला आणि लोहा येईपर्यंत त्यानं मला ते समजावून दिलं. अकारविल्हे लावलेली हजार नावांची यादी आहे. हवं ते नाव शोधायला पहिल्यापासून वाचत बसायचं नाही. बरोबर मधलं नाव पाहायचं. आपलं नाव त्याच्या आधी येत असेल, तर खालची अर्धी यादी सोडून द्यायची. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं. हजारातलं नाव फार तर दहा वेळा पाहून सापडतं.

नांदेडला माझा नंबर आधी लागला, आणि पहिला प्रश्न नेमका तोच! मी लगेच उत्तर दिलं नाही. पंख्याकडे पाहिलं. कपाळ चोळलं. मग अडखळत म्हणालो, "मधून सुरुवात केली तर...?"

साहेब खूश. "आधी माहीत होतं?"

"नाही सर. आत्ताच सुचलं."

पाहिलंत? उसन्या कोटाला नावं ठेवणारा मी, दुसऱ्याचा कोट घालून वर 'आत्ताच शिवला' म्हणत होतो.

"छान. आता लिहून दाखवा." लिहिलं. "यादीत नसलेलं नाव शोधायला सांगितलं तर?" मी फळ्याकडे पाहिलं. माझा प्रोग्रॅम ते नाव कयामतपर्यंत शोधत राहिला असता. या वेळी पंख्यानंही मदत केली नाही.

परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही दोघं स्टँडवर चहा प्यायलो. त्यालाही तोच प्रश्न आला होता. आधी माहीत होतं का, हेही विचारलं होतं.

"मग काय सांगितलंस?"

"हो म्हणलं. पाठच हाय, लिहून दाखवू का?"

"असं सांगितलंस कामून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "रात्रभर जागून केलंय दादा. लपवायचं कामून?"

निवड त्याची झाली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

पुढं एकदा वाचनात आलं, की ही युक्ती पहिल्यांदा १९४६ साली मांडली गेली. पण कितीही नावांच्या यादीला बिनचूक लागू पडेल असं तिचं लिखाण छापून यायला १९६० साल उजाडलं. डॉनल्ड कनूथ या संगणकशास्त्रातल्या थोर पंडितानंच हे नोंदवून ठेवलंय. मला केवढा धीर आला! भल्याभल्यांना जिथं चौदा वर्षं लागली, तिथं माझी काय कथा? दोन दिवस हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "त्यांनी चौदा वर्षं घातली. तुम्ही त्या रात्री किती मिनिटं घातली होती?"

तेव्हापासून मी तयारी करून जातो. आणि कुणी विचारलंच, तर पंख्याकडे न पाहता सांगतो, की हो, पाठ करून आलोय.